मागच्या बाकावरची बहीण

शिक्षक मंडळी जन्मभर दुसऱ्यांच्या परीक्षा घेतात, पण स्वतःची परीक्षा आली की त्यांच्याइतकी भित्री जमात शोधून सापडायची नाही. त्यामुळे एम.एड.ची व्हायवा जवळ आल्यावर धाकटीचा चेहरा उतरला, तेव्हा कुणाला त्याचं नवल वाटलं नाही. नवरा म्हणाला, होतं असं. मुख्याध्यापक म्हणाले, परीक्षकही माणूसच असतो. कॉलेजातल्या मैत्रिणींनी तर रात्री झोप लागण्याच्या गोळ्यांची नावंसुद्धा सुचवली. पण परीक्षकाला ती घाबरत नव्हतीच. परीक्षक गेला उडत. ती घाबरत होती ताईला, आणि ताई व्हायवा ऐकायला येणार होती.

ताई म्हणजे सख्खी थोरली बहीण. दोघी एकाच शाळेत शिकवायच्या, ताई गणित आणि धाकटी विज्ञान. सगळी शाळा त्यांना थोरल्या बाई आणि धाकट्या बाई म्हणायची. आई लवकर गेली, तेव्हापासून धाकटीची वेणी, अभ्यास, आजारपणं, लग्न, सगळं ताईने पाहिलं. शाळेत नोकरी लागली तेव्हा पहिला तास कसा घ्यायचा, फळ्याकडे पाठ किती वेळ करायची, आवाज कुठे चढवायचा, हेही ताईनेच तिला घरातल्या कपाटासमोर उभं करून शिकवलं. बी.एड.मध्ये जे शिकली ते परीक्षेपुरतं. वर्गात उपयोगी पडलं ते कपाटासमोरचंच.

नोकरी सांभाळून पार्ट टाइम एम.एड. करू का, असं धाकटीने विचारलं तेव्हा नवरा म्हणाला, “बघू.” सासू म्हणाली, “आणि पोरीकडे कोण बघणार?” ताई म्हणाली, “पोर शनिवार-रविवार माझ्याकडे. तू नाव घाल.” संपला विषय. ताईपुढे विषय असेच संपायचे.

तेव्हा सुट्टीचे दोन्ही दिवस धाकटी कॉलेजच्या बाकावर बसायची आणि तिची मुलगी ताईच्या घरी दंगा करायची. दमलेल्या, जांभया देणाऱ्या, टेबलाखाली शाळेचे पेपर तपासणाऱ्या बायकांचा तो वर्ग होता. शिक्षणशास्त्र शिकायला आलेले शिक्षक किती वाईट विद्यार्थी असतात हे बघायचं असेल तर तिथे जावं. पण धाकटी मन लावून शिकली. ताईने एवढं केलंय, तर ते वाया जाता कामा नये, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

माशी शिंकली ती प्रबंधाच्या वेळी.

विषय तसा साधा होता. शिक्षक प्रश्न विचारतात आणि उत्तरासाठी किती थांबतात? थांबले तर मुलं काय करतात, न थांबले तर काय होतं? गाइड मॅडमना विषय आवडला. त्या म्हणाल्या, “कुणाच्या तरी वर्गात सबंध सहामाही मागे बसा, घड्याळ लावा, आणि जे कानावर पडेल ते जसंच्या तसं उतरवा.” आता दुसऱ्याच्या वर्गात मागे जाऊन बसायचं म्हणजे काय, हे शिक्षकालाच विचारावं. धाकटीने शिक्षकांच्या खोलीत विषय काढला आणि सगळ्यांना एकाच वेळी काहीतरी काम आठवलं. भाषेचे सर म्हणाले, “आमची तपासणी करायला तुम्हाला कुणी नेमलं?” चित्रकलेच्या बाई तर दुसऱ्या दिवसापासून तिला डबा खायला बोलवेनाशा झाल्या.

“माझ्या वर्गात बस,” ताई म्हणाली. “मला काय कुणाची चोरी आहे?”

धाकटी बसली. पहिल्या दिवशी जे दिसलं ते पाहून तिला वाटलं, आज ताईचं डोकं दुखत असेल. पुढच्या आठवड्यात वाटलं, चाचणी परीक्षा जवळ आलीये म्हणून घाई असेल. त्यानंतर मात्र तिच्याजवळची कारणं संपली.

ताई थांबतच नव्हती. मुलांना ती नावाने नाही, बाकाने हाक मारायची. “तिसरा बाक, खिडकी. ऊठ. सांग. सांग ना. नाही ना येत? खाली बस, दुसऱ्याचा वेळ खाऊ नकोस.” हे एका दमात. प्रश्न आणि खाली बस यांच्यामध्ये श्वास घ्यायलाही जागा नसायची. मुलं सवयीने हसायची, ज्याला बसवलं तोही हसायचा, आणि ताई पुढच्या बाकाकडे वळायची. ताईला समोरून मुलांचे चेहरे दिसत. धाकटीला मागून माना दिसत होत्या. ताई फळ्याकडून वळली रे वळली, की सगळ्या माना एकदम खाली जायच्या.

तिसऱ्या बाकावर खिडकीशी एक मुलगी बसायची. तिला उठवलं त्या दिवशी तिचं बोट बाकावर गणित करत होतं. धाकटीने मागून मान उंच करून पाहिलं, मुलगी बरोबर करत होती. शेवटची पायरी राहिली होती, तोंडसुद्धा उघडलं होतं. “खाली बस, दुसऱ्याचा वेळ खाऊ नकोस.” मुलगी बसली. त्यानंतर सहामाही संपेपर्यंत तिने हात वर केला नाही, आणि बाकावर बोट फिरवणंही सोडून दिलं.

धाकटीने सगळं लिहिलं. मग झाकपाक सुरू केली. गणिताचा केला भूगोल, बोटाने केलेल्या गणिताचा केला नकाशा. बाईंचा केला मास्तर. ‘दीर्घ अनुभव असलेले एक शिक्षक’ असं म्हटलं, आणि तिला वाटलं, चला, आता कुणाच्या बापाला कळणार नाही. राहिली ती ताईची वाक्यं. ती बदलायला मॅडमनी परवानगी दिली नाही. “माणूस बदला, विषय बदला, पण बोललेला शब्द बदलायचा नाही. तोच तर तुमचा पुरावा,” त्या म्हणाल्या. “आणि हो, ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांना हे सगळं वाचून दाखवायचं. त्यांचं म्हणणं ऐकायचं. मगच सादर करायचं. हा नियम आहे, तुमची इच्छा नाही.”

वाचून दाखवायचं! ताईला!

तिने प्रयत्न केला नाही असं नाही. एका रविवारी फाइल घेऊन ती ताईकडे गेली. ताई भाचीचे केस विंचरत बसली होती. “झालं का गं लिहून?” ताईने विचारलं. “माझ्या वर्गाचा काही उपयोग झाला की नुसतीच बसून बाक झिजवलास?”

“खूप उपयोग झाला,” धाकटी म्हणाली आणि फाइल पिशवीतून बाहेर आलीच नाही. पुढच्या वेळी ताईला सर्दी होती. त्याच्या पुढच्या वेळी पाहुणे होते. नाचता येईना अंगण वाकडं, त्यातलाच प्रकार. शेवटी मॅडमनी विचारलं, “वाचून दाखवलंत ना?” धाकटीने मान हलवली आणि मॅडमनी सही केली.

त्या क्षणापासून भीती तिच्या घरी राहायलाच आली. ताईने फोन केला तरी छातीत धस्स व्हायचं. ताईने केला नाही तरी व्हायचं. प्रबंधातलं ते वाक्य सगळी शाळा ओळखत होती. मधल्या सुट्टीत पोरं एकमेकांना ऐकवायची, “खाली बस, दुसऱ्याचा वेळ खाऊ नकोस!” आणि हे तिच्या लक्षात आलं कधी, तर छापून बांधून झाल्यावर. तिने ताईला मास्तर केलं, भूगोल शिकायला लावला, पण तोंड मात्र ताईचंच ठेवलं. ताईला कळलं तर काय होईल याची चित्रं ती भांडी घासताना, फळा पुसताना रंगवत बसायची. ताई ओरडली असती तर एक वेळ सोसलं असतं. पण ताई गप्प झाली तर? पोरीला दारातच म्हणाली, की आता तुझ्या आईला सांग, दुसरी सोय बघ? जिच्या जिवावर शिकली तिच्यावरच लिहिलं, असं म्हणाली तर? आणि वाचून न दाखवता मान हलवली, हे परीक्षकांना कळलं तर डिग्रीही गेलीच.

“मी येणार हं तुझ्या व्हायवाला,” ताईने जाहीर केलं. “खुली असते म्हणे. अर्धी रजा टाकलीये.”

“कशाला उगीच दगदग?” धाकटी म्हणाली. “कंटाळवाणं असतं गं.”

“मला कंटाळा येतो का कशाचा कधी?” ताई म्हणाली. संपला विषय.

व्हायवाच्या दिवशी कॉलेजच्या त्या लांबट खोलीत ताई दुसऱ्या रांगेत येऊन बसली. ठेवणीतले कपडे, ठेवणीतला चष्मा. आजूबाजूच्या बायकांना तिने सांगूनही टाकलं, “माझी बहीण ती. माझ्याच वर्गात बसून केलंय सगळं.” ते ऐकून धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं. तिने माहिती सांगायला सुरुवात केली तेव्हा तिचा आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. पडद्यावरचे आकडे ती भराभर उरकत होती. डोळे कुठेही ठेवत होती, फक्त दुसऱ्या रांगेत नाही.

बाहेरून आलेले परीक्षक गोल चेहऱ्याचे, हसरे गृहस्थ होते. आवाज खणखणीत. नाटकात काम करायचं राहून गेलेला माणूस असावा, कारण प्रबंध चाळता चाळता त्यांना एक पान सापडलं आणि त्यांचे डोळे चमकले.

“हे फार छान पकडलंय तुम्ही,” ते म्हणाले. “ऐका हं सगळ्यांनी.” आणि त्यांनी चक्क उभं राहून वाचलं, हातवाऱ्यांसकट. “तिसरा बाक, खिडकी! ऊठ! सांग! सांग ना! नाही ना येत? खाली बस, दुसऱ्याचा वेळ खाऊ नकोस!”

खोलीत हशा पिकला. पुढे त्यांनी त्या मुलीचंही वाचलं, बाकावरच्या बोटाचं आणि नंतर कधीच वर न झालेल्या हाताचं. तेव्हा हशा थांबला. धाकटीने टेबलाची कड घट्ट धरली. तिने नाइलाजाने दुसऱ्या रांगेकडे पाहिलं. ताई हसत नव्हती. पुढे झुकून, चष्मा हातात घेऊन, ती धाकटीकडे टक लावून पाहत होती. ताईला कळलं होतं. त्यात शंकाच नव्हती.

“या भूगोलाच्या सरांना तुम्ही हे वाचून दाखवलंत?” परीक्षकांनी सहज विचारलं. “काय म्हणाले ते?”

खरं सांगावं तर परीक्षकांसमोर नाक कापलं जाणार, खोटं सांगावं तर ताईच्या देखत. इकडे आड, तिकडे विहीर. गाइड मॅडम पेन थांबवून बघत होत्या.

“हो, सर,” धाकटी म्हणाली. “त्यांना... त्यांना पटलं.”

“वा! मोठ्या मनाचा माणूस,” परीक्षक म्हणाले, आणि सगळ्यांना बाहेर थांबायला सांगून निकाल ठरवायला बसले.

ताईने धाकटीचा दंड धरला आणि तिला व्हरांड्याच्या टोकाला नेलं. तिथे एक लाकडी बाक होता. दोघी बसल्या. ताई बोलेना. ताईने बोलायचं थांबवावं, हेच तर धाकटीने इतके दिवस भीतीत रंगवलं होतं.

“तो भूगोलाचा मास्तर,” शेवटी ताई म्हणाली. “मास्तर नाहीये ना तो? बाई आहे.”

“हो.”

“आणि भूगोलही नाही.”

“नाही.”

“आपल्याच शाळेतली आहे.”

“ताई, मी तुला सांगणारच होते गं...”

“गप्प बस. मला बोलू दे.” ताईचे डोळे भरून आले होते. “मला कळणार नाही असं वाटलं तुला? ती बाई तूच आहेस.”

“मी?” धाकटी म्हणाली.

“दुसऱ्याचा वेळ खाऊ नकोस!” ताईने तिची नक्कल केली. “अगं, तुझा वर्ग माझ्या शेजारी. मधली भिंत ती काय, नावाला. रोज ऐकते मी तुझ्या तोंडून. कितीदा मनात आलं, हिला सांगावं, पोरं हिरमुसतात गं अशाने. पण तुला लागेल म्हणून जीभ आवरली. आणि तू स्वतःचं स्वतः शोधून काढलंस, चारचौघांत मांडलंस! मला नसतं जमलं हो.” तिने डोळे पुसले आणि तिला हसू आलं. “आणि वाचून दाखवलंत का म्हणाले तेव्हा कशी गांगरलीस! स्वतःला काय वाचून दाखवणार, कपाळ?”

सुटले, हा धाकटीच्या मनात आलेला पहिला शब्द. सुटका समोर पायघड्या घालून उभी होती, नुसतं होय म्हणायचं होतं. पण त्याच्या पाठोपाठ दुसरं काहीतरी आलं. ताई खोटं बोलत नव्हती. काल-परवाच, चुंबकाच्या धड्याला, मधल्या रांगेतला एक मुलगा उभा राहिला होता. त्याला काय म्हणाली ती? सबंध सहामाही ताईचे सेकंद मोजले, आणि आपल्या वर्गात एकदाही घड्याळ लावलं नाही. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ बघायला एम.एड. केलं, आणि मुसळ दाखवायला ताईला यावं लागलं.

“फक्त एक कळत नाही,” ताई म्हणाली. “माझ्या वर्गात एवढे दिवस बसलीस आणि माझ्याबद्दल एक ओळ लिहिली नाहीस. माझं काही चुकतच नाही, असं तर नसेल. का नाही लिहिलंस? घाबरलीस मला?”

धाकटी ताईकडे वळली.

“घाबरले,” ती म्हणाली. “अजूनही घाबरते. ताई, मी म्हणत असेन तसं. तुझं ऐकूनच शिकलेय, म्हणत असणारच. पण त्यात लिहिलाय तो वर्ग माझा नाही. तुझा आहे.”

“काहीतरीच काय,” ताई हसून म्हणाली. मग तिचं हसू कमी झालं. “मी म्हणते असं?”

“म्हणतेस.”

“कधी?”

“रोज, ताई.”

ताईने चष्मा डोळ्यांवर चढवला, परत काढला. तिला पुढे विचारायचं नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तरी तिने विचारलं. “ती मुलगी. ती माझ्या तिसऱ्या बाकावरची? खिडकीकडची?”

“हो.”

“तिला येत होतं ते गणित?”

“बोटाने करत होती. शेवटची पायरी राहिली होती. बरोबर होतं.”

“मी तिच्या आईला बोलावलं होतं,” ताई हळू म्हणाली. “गेल्या महिन्यात. म्हटलं, हिच्या डोक्यात गणित शिरत नाही, उगीच तिच्या मागे लागू नका, दहावीनंतर गणित सोडून दुसरं काही घेऊ द्या. आई बिचारी बरं म्हणाली. मुलगी शेजारी उभी होती. तिनेही बरं म्हटलं.” मग तिने विचारलं, “तू हे लिहिलंस कधी?”

“सहामाही संपल्यावर.”

“म्हणजे त्याच्या आधी.”

“हो.”

“मला सांगितलं असतंस तर मी तिच्या आईला बोलावलं नसतं गं.”

धाकटीला वाटलं होतं, ताई तोडून टाकेल, घालूनपाडून बोलेल, पोरीची सोय बंद करेल. यातलं काहीच ताईने केलं नाही. ती नुसती बसून राहिली, मांडीवरच्या हातांकडे बघत. इतके दिवस धाकटी स्वतःचाच जीव वाचवत बसली होती, आणि त्या भीतीची किंमत भलत्याच पोरीने भरली होती. तिला रडू फुटलं. ताईने तिच्याकडे पाहिलंही नाही.

“सोमवारी तिसऱ्या बाकासमोर कशी उभी राहू?” ताई म्हणाली. “मला वर्गात जायची भीती वाटतेय.”

हा शब्द धाकटीने ताईच्या तोंडून आयुष्यात कधी ऐकला नव्हता. आई गेली तेव्हासुद्धा नाही. तिने ताईचा हात धरला. तो तिच्या हाताइतकाच गार होता.

खोलीचं दार उघडून शिपायाने हाक मारली, “चला, बोलावलंय आत.”

“चल ना,” धाकटी म्हणाली.

“तू हो पुढे. मी बसते जरा.”

धाकटी एकटीच आत गेली. गाइड मॅडम हसत होत्या. परीक्षक खुर्चीतून उठले आणि अभिनंदन करायला त्यांनी हात पुढे केला.

“सर, मघाशी मी खोटं बोलले,” धाकटी म्हणाली.